चौथं ढेकूळ

सोनाळ्यात माणूस काय काम करतो ते त्याच्या अंगावरून कळतं. केळीवाल्याच्या सदऱ्यावर चिकाचे डाग, गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या, मास्तरांच्या बोटांना खडू. शेखरच्या अंगावर कशाचाच डाग नव्हता, आणि तेच गावाला खुपायचं. धडधाकट, लग्न झालेला, पुण्याला शिकलेला माणूस दिवसभर पंख्याखाली बसून असतो, आणि काय करतोस म्हणून विचारलं तर सांगतो, "चंद्र करतो."

"चंद्र?" गल्लीतल्या महादेवरावांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. "काऊन, जुना बिघडला काय?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. पुण्याची एक कंपनी अंतराळात यान उडवायचा खेळ बनवत होती. खेळ म्हटलं की कंपनीतल्या लोकांना राग यायचा; ते त्याला सिम्युलेशन म्हणत. घरबसल्या यान जोडायचं, इंधन भरायचं, उडवायचं, आणि गणित बरोबर आलं तर एखाद्या परक्या ग्रहावर अलगद उतरवायचं. सूर्य कल्पनेतला, ग्रह कल्पनेतले, पण ओढ, वेग, वजन सगळं खऱ्याच्या तोलाचं. त्या ग्रहांची जमीन शेखर घडवायचा. डोंगर, दऱ्या, खड्डे. त्यातल्या कड्या असलेल्या मोठ्या ग्रहाचं नाव होतं कंकण. त्याचे तीन चंद्र पुण्यातल्या लोकांनी केले होते. चौथा अगदीच लहान, दोन कड्यांमधल्या फटीतून गुमान फिरणारा. तो शेखरच्या वाट्याला आला होता.

आणि त्या चिमुकल्या चंद्रावर शेखरचा संसार टांगलेला होता.

त्याची बायको मयुरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतरची पहिली वर्षं ती लोणारकडच्या खेड्यात, हा पुण्यात, आणि नवराबायकोची भेट एसटी स्टँडवर. मागच्या वर्षी तिची बदली सोनाळ्याला झाली. त्याबरोबर शेखरनं कंपनीकडे घरून काम मागितलं. त्याची वरिष्ठ अनुपमा. गोड बोलून नेमकं बोलणारी बाई. ती म्हणाली होती, "ठीक आहे, शेखर. चौथा चंद्र तिकडून करून दाखव. जमला तर तिथेच राहा. नाही जमला तर इकडे ये, टेबल रिकामं ठेवते." म्हणजे पुन्हा तेच. तो तिकडे, ती इकडे.

पहिले दोन चंद्र अनुपमानं परत पाठवले. दोन्ही वेळा शेरा एकच: "बटाटा वाटतो."

तिचंही चुकत नव्हतं. संगणकाला सांगितलं की खडबडीत कर, तर तो सगळीकडे सारखाच खडबडीत करतो. खरी वस्तू तशी नसते. एका बाजूनं तासलेली, एका बाजूनं फुटलेली, मध्येच कुठे बोट बुडेल अशी भेग. शेखर डोकं धरून बसायचा. त्यात लाईन जायची. लाईन आली की नेट जायचं. नेट आलं की बाबांची हाक यायची.

असा तो वैतागलेला असताना अक्षय तृतीया आली.

भेंडवळची घटमांडणी सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे वाहिन्यांचे कॅमेरे येतात. शेखरच्या बापाची, मोतीरामची मांडणी त्या मानानं घरगुती, गल्लीपुरती. पण रीत तशीच. संध्याकाळी वावरात गोल आखायचा, त्या गोलावर धान्याच्या ढिगल्या मांडायच्या: गहू, ज्वारी, तूर, उडीद आणि बाकीची. मधोमध उथळ खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार. त्यांच्यावर पाण्यानं भरलेली घागर. मग सगळ्यांनी पाठ फिरवून घरी यायचं. सकाळी जाऊन पाहायचं, कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, आणि त्यावरून वर्षाचं पीकपाणी सांगायचं. पहिलं ढेकूळ ज्येष्ठ, चौथं भाद्रपद.

ढेकळं मोतीराम स्वतः निवडायचा. वावरभर फिरून, वाकून, हातात तोलून. त्या दिवशी दुपारी त्यानं चार निवडून टोपल्यात आणली आणि टोपलं ओट्यावर ठेवून तो आडवा झाला.

शेखर पाणी प्यायला बाहेर आला आणि टोपल्यापाशी थबकला. चौथं ढेकूळ एका बाजूनं नांगरानं तासलेलं होतं, दुसऱ्या बाजूनं फुटलेलं. मध्ये एक खोलगट वाटी, तिच्यातून निघालेली वाकडी भेग. बाप रे, तो मनात म्हणाला. हा तर चंद्र.

त्यानं ते स्टुलावर ठेवलं आणि मोबाईल घेऊन भोवती फिरत फोटो काढायला लागला. असे पुष्कळ फोटो जोडले की संगणकात हुबेहूब तसाच आकार उभा राहतो. वरची बाजू झाली. ढेकूळ उलटं करून तो खालच्या बाजूला लागणार, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"शेखर, टोपलं आण बे! दिवस कलला."

"आणतो, बाबा."

अर्धं काम हातात. सोडलं तर पुन्हा हे ढेकूळ मिळायचं नाही. सकाळी घागरीखाली त्याचा चिखल झालेला असणार. शेखरनं इकडे तिकडे पाहिलं. न्हाणीच्या नालीशेजारी उकरलेल्या मातीचा ढीग होता. त्यातलं तेवढ्याच आकाराचं एक ढेकूळ उचलून त्यानं टोपल्यात टाकलं. माती ती माती.

सकाळी मोतीरामनं घागर उचलली. पहिलं ढेकूळ जरा ओलसर, दुसरं चांगलं भिजलेलं, तिसरं मध्यम. चौथ्याला त्यानं बोट लावलं, मग नख लावलं.

"कोरडं ठण्ण," तो म्हणाला. "भाद्रपदात थेंब नाई."

लोकांनी मान डोलावली. सगळ्यांत जोरात डोलावली महादेवरावांनी. शाळेच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. त्याचा मातीचा बांध खेकड्यांनी पोखरला होता, आणि तो दुरुस्त करायचं काम गावच्या पाणलोट समितीनं महादेवरावांच्या गळ्यात घातलं होतं. महादेवराव आळशी माणूस नव्हते; फक्त आज करायचं काम उद्यावर न्यायला त्यांना शास्त्राचा आधार लागायचा.

"मंग बांधाचं दिवाळीनंतरच पाहू," ते म्हणाले. "पाणीच नाई तं बांध काय दाबन?"

शेखरनं हे ऐकलं, पण त्याचं लक्ष खिशातल्या फोटोंकडे होतं.

चंद्र अनुपमाला आवडला. इतका, की तिनं चक्क फोन केला. "शेखर, ही ती वाटी! ही भेग! कुठून सुचलं तुला?"

"असंच, मॅडम. निसर्गातून."

त्यानं तेही खोटं सांगितलं नाही. ढेकूळ त्यानं टेबलाशेजारच्या फळीवर ठेवलं, राउटरच्या बाजूला, आणि ते तिथे आहे हे विसरूनही गेला. पावसाळा लागला. ज्येष्ठ बेताचा, आषाढ भरपूर. मोतीरामची मान गल्लीत ताठ झाली. खेळाच्या चाचणीची तारीख आली आणि परगावचे, परदेशचे लोक चौथ्या चंद्रावर यान उतरवायला लागले.

पहिली तक्रार आली ती दोन ओळींची होती. यान उतरताना पाय रुततात. कृपया पाहावे.

शेखर हसला. दुसरी आली, तिसरी आली, मग हसणं थांबलं. त्यानं स्वतः यान नेऊन उतरवलं. चार पायांचं ते यान. प्रत्येक पायाला खालच्या बाजूला पांढरं कडं रंगवलेलं. वाटीच्या काठावर ते अलगद टेकलं. क्षणभर उभं राहिलं. मग चारही पाय सावकाश खाली गेले, कड्यापर्यंत, आणि थांबले.

उड्डाण करायला गेला तर यान सुटेना. इंजिन पूर्ण जोरात, तरी सुटेना. ओल्या काळ्या मातीत बैलाचा पाय धरला जावा तसं.

आता यात वैतागण्यासारखं काय होतं ते समजून घेतलं पाहिजे. एक म्हणजे, तो चंद्र एवढासा. तिथे भरल्या बैलगाडीचं वजन कोंबडीएवढं भरेल. यान रुतायचं सोडा, जोरात टेकलं तर उसळून परत वर जायला हवं. आणि दुसरं म्हणजे, त्या प्रोग्रॅमला जमिनीबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या: यान टेकलं, किंवा यान आपटलं. रुतणं ही तिसरी गोष्ट त्यात कुणी लिहिलेलीच नव्हती.

शेखरनं आकडे तपासले. जमीन दगडासारखी कडक केली. यान रुतलं. पूर्ण चंद्र पुसून नव्यानं चढवला. यान रुतलं. पुण्याला विचारलं, तर तिथला एक जण म्हणाला, बाकीचे तीनही चंद्र कसे कडक आहेत, तुझाच ओला कसा? तेव्हापासून कंपनीच्या गटात त्याचं नाव पडलं: ओला चंद्र. सकाळी मोबाईल उघडावा तर कुणीतरी छत्रीचं चित्र टाकलेलं.

त्यानं अकीलला बोलावलं. अकील त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लग्नांचं शूटिंग करतो, ड्रोन उडवतो. हवेत उडणारी वस्तू खाली कशी आणायची, यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत. त्यानं यान मस्त उतरवलं. कड्यापर्यंत रुतलं.

"तुह्या चंद्रावर ट्रॅक्टर पाठव," अकील म्हणाला.

"मजाक नको करू बे. नोकरीचा प्रश्न आहे."

अकीलनं पुन्हा यान वर नेऊन दुसरीकडे उतरवलं. मग तिसऱ्या चंद्रावर जाऊन उतरवलं. मग परत आला. त्याचा चेहरा जरा वेगळा झाला.

"शेखर, एक सांग. त्या तिसऱ्या चंद्रावर उतरताना धूळ केवढी उडते. इंजिनाच्या फुफाट्यानं सगळं दिसणं बंद होते. हो ना?"

"हो. सगळीकडेच उडते. एकच सेटिंग आहे."

"मंग इथं काऊन नाई उडून राह्यली?"

शेखरनं पाहिलं. खरंच, इंजिनाचा झोत जमिनीवर पडत होता आणि एक कण हलत नव्हता. जमीन नुसती किंचित चकाकत होती.

"आन हे," अकीलनं पडद्यावर बोट ठेवलं, "हे कोणाचे?"

यानाच्या पलीकडे चार खळगे होते. त्यांच्या पलीकडे आणखी चार. आधी उतरलेल्या यानांचे, त्या सगळ्या तक्रार करणाऱ्यांच्या यानांचे. पण खेळ बंद केला की जमीन पहिल्यासारखी होते. खुणा साठवायची सोयच त्यात नव्हती.

"लोणीत बोटं रुतवावी तसं दिसते," अकील म्हणाला, आणि त्यानं माउस सोडून दिला. चहा झाल्यावर तो लगेच निघाला. एरवी तो जेवल्याशिवाय हलायचा नाही.

दोन-चार दिवसांनी पुष्पाबाई, म्हणजे शेखरची आई, त्याच्या खोलीत झाडायला आली. फळी पुसता पुसता ती थांबली.

"शेखर, अरे हे ढेकूळ आहे का पाटा? मले तं हालत नाई."

"आई, काही पण."

"मंग तूच हालव."

शेखर उठला. एका हातानं ढेकूळ उचलायला गेला आणि त्याचं मनगट वळलं. दोन हातांनी उचललं तेव्हा ते फळीवरून सुटलं. ते कोरडं होतं. बाहेरून भुरभुरीत, नख लावलं तर धूळ पडणारं. खाली फळी कोरडी. पण फळी मध्ये वाकली होती.

"काय ठेवलं तिच्यात?" पुष्पाबाईनं विचारलं.

"काही नाही. माती आहे."

"माती इतकी जड नसते, बाप्पा. पाणी पिलेली असन तं गोठ वेगळी."

तिनं घरातला भाजीचा तराजू आणून ते तोललं, कारण पुष्पाबाईला वजन कळल्याशिवाय कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवता येत नाही. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा तोललं, आणि मग तराजू आत नेऊन ठेवला आणि त्या खोलीत झाडायला येणं बंद केलं. का, ते तिनं सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुह्यी खोली, तूच झाड."

श्रावण मध्यम झाला. मोतीरामचा शब्द तिसऱ्यांदा खरा. लोक त्याला ओट्यावर बसवून चहा पाजायला लागले.

तिकडे चंद्राचा ओला भाग पसरत होता. आधी फक्त वाटीपाशी, मग भेगेच्या दोन्ही अंगांना, मग तासलेल्या बाजूवरही. शेखरनं शेवटचा उपाय केला: तो आपला जुना बटाटा चढवला. अनुपमानं परत पाठवलेल्या दोनांपैकी एक. आकार पूर्ण वेगळा, फायली वेगळ्या. फक्त जागा तीच, कड्यांमधली फट.

यान त्यातही रुतलं. पांढऱ्या कड्यापर्यंत.

त्या दिवशी त्यानं टेबलावर मूठ आपटली आणि दार उघडून बाबा आत आला. मोतीराम या खोलीत सहसा येत नसे. पंख्याखाली केलेल्या कामाला तो काम म्हणत नव्हता. पडद्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तो फळीकडे पाहत होता.

"हे चौथं," तो म्हणाला.

शेखरनं टेबलावरची मूठ सोडली.

"मी निवडलं होतं. नांगराची तास आहे त्याले." मोतीराम जवळ गेला, पण हात लावला नाही. "मंग घागरीखाली काय होतं?"

"नालीजवळचं."

पंखा फिरत राहिला. बाहेर कुणीतरी मोतीरामभाऊ म्हणून हाक मारली. आजकाल त्याला दिवसातून कितीदा तरी हाका यायच्या.

"तीन महिने बराबर आले," मोतीराम हळूच म्हणाला.

"हो, बाबा."

"मंग आता कायले सांगता कोणाले."

शेखरनं मान हलवली. त्याच्या डोक्यात चंद्र होता, बापाच्या डोक्यात ओट्यावरचा चहा. बापलेकांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. मोतीराम जाताना म्हणाला, "माती वापस वावरात टाकून दे." शेखर हो म्हणाला, आणि ते ढेकूळ दारापर्यंत नेता नेता त्याची कंबर धरली, म्हणून त्यानं ते परत फळीवर ठेवलं. उद्या टाकू.

भाद्रपद लागला. ऊन कडक. आकाशात कापसाएवढाही ढग नाही. अनुपमाचा फोन आला.

"शेखर, शुक्रवारी खेळ बाहेर पडतोय. चौथ्या चंद्राचं मी शुक्रवारी सकाळी शेवटचं पाहणार. तू खूप कष्ट घेतलेस, मला माहीत आहे. पण नाही जमलं तर पहिल्या तारखेपासून तू इकडे ये. त्यात कमीपणा मानू नकोस."

"मॅडम, एक संधी."

"ही तीच, शेखर."

मयुरीला त्यानं संध्याकाळी सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं.

"खड्डे कमी पडत असतील तर मला सांगा," ती म्हणाली. "मी लोणारची. आमच्याकडे खड्ड्याला काय तोटा?" मग तिचा आवाज उतरला. "पुन्हा एसटी नको हो. मला नाही जमायचं आता."

"नाही जावं लागणार."

"कशावरून?"

शेखरनं तो ढेकळाचा चंद्र परत चढवून ठेवला आणि हात टेकले.

शुक्रवारी सकाळी तो खोलीत आला तेव्हा सवयीनं फळीकडे नजर गेली. फळी सरळ झाली होती.

त्यानं ढेकूळ उचललं. हात जोरात वर गेला, इतकं ते हलकं होतं. भाजून वाळलेल्या पापडासारखं.

तो संगणकासमोर बसला. यान खाली आणलं. वाटीचा काठ जवळ आला. इंजिनाचा झोत जमिनीला लागला.

धूळ उडाली.

पांढरी, भरपूर, सगळा पडदा झाकणारी धूळ. ती बसली तेव्हा यान चारी पायांवर उभं होतं. पांढरी कडी स्वच्छ दिसत होती. वर कंकणाच्या कड्या, लख्ख. त्यानं उड्डाण केलं, पुन्हा उतरवलं. भेगेपाशी, तासलेल्या बाजूवर, सगळीकडे. कडक जमीन.

त्यानं काय बदललं होतं? काहीच नाही. पण ज्या माणसाचा दात अचानक दुखायचा थांबतो तो माणूस दाताला कारण विचारत नाही. शेखरनं अकीलला फोन लावला.

"उतरलं बे! धूळ उडून राह्यली!"

"खरंच?" अकीलनं विचारलं. "मंग थे पाणी कुठी गेलं?"

"कोणतं पाणी? पाणी होतंच कुठं?"

"हाव, थे बी आहे," अकील म्हणाला, पण त्याचं समाधान झाल्यासारखं वाटलं नाही.

दुपारभर शेखर अनुपमाच्या निरोपाची वाट पाहत राहिला. ऊन अंगणात तापत होतं. रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरची धूळ बराच वेळ हवेत तरंगली. पुष्पाबाईनं उडीद अंगणात वाळत टाकला होता.

शाळा सुटल्यावर मयुरी आली. चपला तिच्या हातात होत्या. तिनं त्या उंबऱ्याशी ठेवल्या आणि साडी जरा वर धरली.

दोन्ही पाय काळ्या चिखलानं माखले होते. बरोबर पैंजणाच्या साखळीपर्यंत. त्याच्या वर एक शिंतोडा नव्हता.

"हे कुठे?" शेखरनं विचारलं.

"शाळेमागच्या पायवाटेवर. बांधाखाली." ती दम घेत होती. "पाऊस नाही, काही नाही, कालपर्यंत ती वाट खडखडीत होती. आज पाय टाकला तर गेलाच आत. आणि सोडेना हो. आधी वाटलं, कुणी धरलाय."

मोतीराम ओट्यावर बसला होता. त्यानं सुनेच्या पायांकडे पाहिलं. मग तो उठला, आत गेला, आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"उद्या सकाळची शाळा," मयुरी म्हणाली. "पोरांना बांधावर न्यायचंय, झाडं लावायला. रोपं आलीत, महादेवराव येणार आहेत, आता काही रद्द होत नाही. चपला काढूनच नेईन सगळ्यांना, रांगेत. नाहीतर एकेकाची चप्पल काढत बसावं लागेल."

ती पाय धुवायला मोरीकडे गेली.

टेबलावर मोबाईल वाजला. अनुपमाचा निरोप होता.

'शेखर, अप्रतिम! चौथा चंद्र पास. तू सोनाळ्यातच राहा, मी वर कळवलंय.'

त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली दुसरा निरोप आला होता.

'एक बारीक दुरुस्ती, तेवढी आजच कर. वाटीकडे जाणारे ते पावलांचे ठसे काढून टाक. कल्पना छान आहे, पण अंतराळवीर बूट घालतात, हे अनवाणी आहेत. बरेचसे तर लहान मुलांचे वाटतात, रांगेत. सगळ्यांत पुढचे मोठ्या माणसाचे, त्यांच्या घोट्याशी साखळीसारखं काहीतरी उमटलंय. आणि सगळे ठसे फक्त जातानाचे आहेत. परत येणारा एकही नाही. लोक विचारतील.'

शेखरनं फाईल उघडली. वाटी होती, भेग होती, तास होती.

ठसे नव्हते.

फळीवर ढेकूळ होतं. पंख्याच्या वाऱ्यानं ते किंचित सरकलं.

"उद्या चपला घरीच ठेवा रे," मयुरी मोरीतून रस्त्यावरच्या पोरांना ओरडून सांगत होती. "सगळ्यांनी!"